खापर

तालुक्याच्या वाचनालयातून आणलेल्या पुस्तकाला
पुठ्ठा नाही, पहिली चाळीस पानं नाहीत.
एकेचाळिसाव्यावर हिपोक्रेटिस.
मला वाटलं, ओळखीचा माणूस.
लाखनीला आठ महिने कंपाउंडर होतो मी,
डॉक्टरच्या डोक्यावर काचेत
त्याचीच शपथ टांगलेली, रोज पुसायचो.

पण खाली बारीक टाइपात दुसरा हिपोक्रेटिस,
खिओस बेटाचा. व्यापारी.
जकातवाल्यांनी नागवला, तेव्हा भूमितीकडे वळला
आणि चंद्रकोरीएवढाच चौरस काढून दाखवला.
तिसरा सेनापती, लढाईत पडला.
मग आणखी दोघं, अथेन्सचे,
त्यांनी काय केलं ते या पुस्तकात नाही.
त्यांची नावं फक्त खापरांवर सापडली.

तिथं म्हणे गाव जमायचं
आणि ज्याला दहा वर्षं बाहेर घालवायचं
त्याचं नाव फुटक्या मडक्याच्या तुकड्यावर कोरायचं.
घर शाबूत, शेत शाबूत, माणूस तेवढा बाहेर.
अल्कमेओनिदेसचा हिपोक्रेटिस.
अनाक्सिलेओसचा हिपोक्रेटिस.
बापाचं नाव लावून.
रागातसुद्धा.

मी पुस्तक पालथं ठेवलं.
अंगणात मोहाची फुलं वाळत होती,
शेजारची शेळी त्यात तोंड घालत होती,
मी तिला हाकललं नाही.

आमच्या गावात कवडू तीन.
आधीची लेकरं जगली नाहीत की
आई पुढचं लेकरू सुपात घालून शेजारणीला देई
आणि एका कवडीला परत विकत घेई,
यमाला वाटावं, हलका माल.
तिघांची सुपं वेगळी,
कवडी एकच, भागरताबाईच्या पितळी डबीतली.

ज्या वर्षी मामा तलावाची पाळ रातच्याला फुटली,
रोहू, मरळ सगळी धानात जाऊन पडली,
बगळे तीन दिवस उठले नाहीत बांदीवरून,
त्या वर्षी मच्छीमार सोसायटीचा सचिव मी.
समाजमंदिरात सभा. कंदील एक.
मागून कोणी तरी म्हणालं,
"कवडूले पाह्यलं मी, फावडं घेऊन."

एक कवडू सासुरवाडीला गेला होता.
एक जाळं विणत भिंतीशी बसला होता.
एक दाराजवळ, चपला सोडायच्या जागी.
माणसांनी माना वळवल्या
आणि मान जिथं आधी पोचते तिथं थांबल्या.
"मी त नोहो गा," एवढंच तो म्हणाला.
मी रजिस्टरात लिहिलं:
कवडूने पाळ फोडली. नाव कमी करावे.
शेअरबुकात मीच टाकले होते
कवडू एक, कवडू दोन, कवडू तीन, सोयीसाठी.
ठरावात आकडासुद्धा राहिला.

पोळ्याच्या आधी तो बल्लारशाकडे गेला,
लाकडाच्या डेपोत, असं ऐकलं.
डोंगा तलावावरच उलटा पडून होता,
पुढं कोणी तरी चुलीत घातला.
पाहिलं म्हणणारा मागल्या पौषात वारला,
त्याला विचारायचं राहून गेलं,
खरं म्हणजे विचारायचं टाळलं.

आपल्याकडे खापर फोडतात.
लिहीत नाहीत त्यावर काही.
त्यांची दहा वर्षं मोजून संपत,
माणूस परत येई, आपल्या दाराची कडी काढी.
इथं हे चौदावं.

संध्याकाळी कुंभाराच्या भट्टीमागून
तळहाताएवढा तुकडा आणला,
खिळ्यानं लिहिलं: कवडू.
तिथंच खिळा थांबला.
त्याच्या बापाला मी ओळखत होतो,
त्याच्या हातचे झिंगे खाल्ले होते,
बिडी मागितली होती त्याला पावसात.
सगळा गाव त्याला म्हातारा म्हणे, मीही.

घरात हाक दिली,
"कवडूच्या बापाचं नाव काय होतं गा?"
ती तांदूळ निवडत होती.
सूप थांबलं नाही.
"कोनत्या कवडूच्या?"