सगळी अक्षरं लहान

ऑक्टोबर संपत आलेला. थेमेलिनाच्या बारमध्ये
आता पाचच टेबलं. बाकीची एकावर एक रचून
झाडाला दोरीने बांधलेली,
रात्रीत पळून जातील अशी.
खुर्ची ओढली तर तिचा एक पाय गोट्यांत रुतला,
मी बसले ती जराशी कललेली,
आणि दुपारभर तशीच राहिले.

तारेवर ऑक्टोपस वाळत घातलेला,
कुणाच्या तरी आखूड झालेल्या पायजम्यासारखा.
पाटीवरचा मेन्यू निम्मा पुसलेला.
काय मिळेल, विचारलं तर थेमेलिना म्हणाली,
जे पुसलं नाहीये ते.

उझो आला. मी आधी बर्फ टाकला, मग पाणी.
शेजारच्या टेबलावरच्या म्हाताऱ्याने
जिभेने च्च केलं. आधी पाणी.
पेल्यात धुकं भरेस्तोवर थांबायचं. मग बर्फ.
नाव साकेलारिस.
डावा पाय त्याने समोरच्या खुर्चीवर ठेवला होता,
सोबत आलेल्या पाहुण्याला बसवावं तसा.

कोसकडे जाणारी फेरी गेली. पांढरी, उशिरा, भोंगा न वाजवता.
टेकडीआड दिसेनाशी झाली.
समुद्र पुन्हा सपाट. मी काढलेले फोटो बघत बसले.
बऱ्याच वेळाने
थेमेलिनाने खाली ठेवलेली बादली उचलली.
साकेलारिसने आपला उजवा पाय
डाव्याशेजारी नेऊन ठेवला.
मांजर बाकावर चढलं.
मला कुणी काही सांगितलं नाही.
मग लाट आली, केव्हाच गेलेल्या बोटीची,
थेट माझ्या बुटांत.
सगळे हसले. मीही हसले, त्यांच्यामागून.

ओल्या बुटांचा फोटो बहिणीला पाठवायचा होता.
वायफायचा पासवर्ड?
एव्दोकिया, थेमेलिना आतूनच ओरडली,
पुढे एक नऊ सहा नऊ, सगळी अक्षरं लहान.
मी एफ घातला. लागेना.
व्ही गं, व्ही, म्हणत तिने फोनच घेतला हातातून,
कांद्याचा वास असलेल्या अंगठ्याने
एकेक अक्षर दाबलं.

कुणाचं नाव आहे? मी सहज विचारलं.
नावेचं, ती म्हणाली.
म्हणजे ती तिच्या मोडक्या इंग्रजीत म्हणाली.
माझ्या भाषेत दोन्हीला एकच शब्द आहे
हे तिला कसं सांगायचं, ते मला सुचलं नाही.

स्पंज काढायला आफ्रिकेच्या बाजूला गेलेली नाव.
सात जण. त्यात तिचे वडील.
सातव्याला आठवडाभर आधी पाण्याने धरलं,
फार खोलातून फार भरभर वर आला होता,
पाय गेला, म्हणून बंदरावर उतरवला.
ती बोलताना त्याच्याकडे बघत नव्हती.
तो आपल्या डाव्या बुटाची नाडी सारखी करत होता.

टेलिफोन कंपनीच्या पोराने सांगितलं होतं,
मावशी, विसरणार नाही असं काहीतरी ठेवा.
तिने ठेवलं.
आता कड्यावर चढायला येणारे नॉर्वेजियन
खडूने पांढऱ्या झालेल्या बोटांनी ते टाइप करतात.
जर्मन दोनदा विचारून वहीत लिहून घेतात.
उन्हाळ्यात दिवसातून तीस-चाळीस वेळा
इथे ते नाव मोठ्याने घेतलं जातं.
पहिल्या वर्षी तो प्रत्येक वेळी मान वर करायचा,
ती म्हणाली. आणि टेबल पुसायला घेतलं,
स्पंजाने. कारखान्यातल्या, पिवळ्या.

दुसऱ्या दिवशी मीच त्या फेरीत होते.
बार दिसला, बोटभर, मग नखाएवढा.
उगाच फोन काढून बघितला:
थेमेलिना बार, आवाक्याबाहेर.
खाली बारीक अक्षरांत विचारलेलं,
हे नेटवर्क विसरायचं?
मी फोन खिशात टाकला.
टेकडी आडवी आली.
डेकवर एक बाई मुलाला संत्रं सोलून देत होती.
मी वेळ बघत राहिले, आठ मिनिटं, नऊ.
आत्ता बादली उचलली असेल.
आत्ता मांजर बाकावर.