एकशेबारावी बाटली

बाटलीतलं पाणी पिवळं पडलं की समजायचं,
पेशींनी खाऊन खाऊन स्वतःचंच अंगण आंबवलंय
आणि आता त्या उपाशी आहेत.

गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर पहाटे
बाबा धारेच्या आवाजावरून सांगायचे,
काल हिला सरकी कमी पडली.
समोर पेला धरून मोडक्या कानांचे पैलवान,
मिशीला फेस.
"खुराक बघून अंग बोलतंय, वैजू."

माझ्या हाताखाली पैलवान नाहीत.
म्हशीच्या मूत्रपिंडाचा नखाएवढा तुकडा,
सुटा सुटा करून काचेवर चिकटवलेला,
सदतीस अंशांच्या उबेत.
त्याचा खुराक मी तोलते:
साखर, क्षार, ग्लुटामाइन,
सेलेनियम इतकं, की शिंकले तर जास्त होईल.

आणि दहा टक्के सीरम,
न जन्मलेल्या वासराच्या रक्तातलं.
पहिली बाटली वितळली तेव्हा
मधाच्या रंगाचं होतं ते.
त्या संध्याकाळी मी चहा काळाच घेतला.
आईनं विचारलं नाही.

तेव्हापासून वहीत:
दहाचे पाच, पाचाचे दोन, दोनाचा अर्धा.
शून्याला पोचले की त्या काच सोडतात,
गोल होऊन तरंगतात
रंकाळ्यावर भेळेतून सांडलेल्या चुरमुऱ्यांसारख्या.
बाटली गुलाबीच राहते.
गुलाबी राहिली, म्हणजे कुणी जेवलं नाही.

एकशेअकरा वेळा.

चौगुले सर म्हणाले, तयार मिळतं, मागवू.
आत काय घातलंय ते कंपनी सांगत नाही.
शेजारच्या हौसाक्काही चटणीचं प्रमाण सांगत नाहीत,
पण त्यांच्या डंखातून वास तरी येतो.

मग शिरोळच्या सोयाबीनचा अर्क,
थोडं इन्सुलिन, लोह वाहणारं एक प्रथिन.
चौथ्या दिवशी गुलाबीत किंचित नारिंगी.
भिंगाखाली पाहिलं:
दहातल्या तीन धरून बसल्यात,
पाय पसरून, हट्टानं.
तीनच. पण जेवल्यात.

बाबांचे गुडघे गेलेत, आता धार काढत नाहीत.
फोनवरचा फोटो त्यांनी लांब धरून पाहिला.
"रेडकू कुठाय?"
नाही बाबा. रेडकू नाही, वासरू नाही,
त्याच्याशिवायच.
ते बराच वेळ बोटानं फोटो मोठा करत राहिले.
"मग पान्हा कशानं सुटला गं?"

मी तो प्रश्न तसाच लिहून घेतला,
एकशेतेराव्याच्या वर, तारखेच्या जागी.