नळीमागच्या रेघा

येरमाटोल्याच्या आश्रमशाळेत आज एकशे बारा बोटं.
फटफटीवरून पेटी उतरवली तेव्हा
बर्फाचं निम्मं पाणी झालं होतं,
आणि रेघांचा छापील कागद
कुरखेड्यालाच राहिला, टेबलावर, चहाच्या कपाखाली.

एका पोरीच्या वहीतलं पान मागितलं.
निळ्या रेघांवर पेनानं काळ्या ओढल्या,
चिकटपट्टीनं भिंतीला लावलं.

काम एवढंच:
औषधाच्या नळीत रक्ताचा थेंब,
पाच मिनिटं थांबायचं,
नळी कागदापुढं धरायची.
पलीकडच्या रेघा दिसल्या तर पोरगं खेळायला पळतं.
नाही दिसल्या तर मी
त्याचं नाव दुसऱ्या वहीत लिहितो.

नऊ वर्षं झाली कंत्राटावर.
ती दुसरी वही मी परत उघडून वाचत नाही.
नावंच मला भेटतात. आठवडी बाजारात, एस्टीत,
रोवण्याच्या दिवसांत बांधीतल्या गार पाण्यात
काम करता करता एकदम धुऱ्यावर बसलेली
झेलाबाई कुमरे, वय छत्तीस,
जिला बाकीच्या बाया कामचोर म्हणायच्या.
तिची हाडं आतून कुटत होती.
तिनं ते कुणाला सांगितलं नाही, कारण
दुखणं दिसायला निदान सूज तरी लागते.

मडावींच्या घरचं लग्न आठवतं.
पोरीचे देव चार, पोराचे सात,
जमत होतं सगळं.
कार्डं तेवढी दोघांचीही पिवळी.
एकदा सांगितलं मी, घरी जाऊन.
दुसऱ्यांदा सांगायला गेलो
तर मांडवात जेवायला बसवलं.
बुंदी खाल्ली. आहेर केला. परत आलो.

नागपूरच्या प्रशिक्षणात बाईंनी नकाशा दाखवला होता:
समुद्रापार, आफ्रिकेच्या पश्चिम काठावर तांबडा डाग,
तसाच एक आपल्या जंगलावर.
तिथल्या आयाही म्हणे
रात्रभर लेकरांच्या सांध्यांवर गरम फडकं धरतात.
हिवतापानं माणसं मरत होती,
तेव्हा कधीतरी रक्तानंच स्वतःला वाकवून घेतलं.
मी हे टोल्यावर जसंच्या तसं सांगितलं.
झिंगरू बुढा बिडी विझवत म्हणाला,
“म्हंजे आमच्या आज्यानं तापासंगं भांडाले इळा घेतला,
अना खाली ठेवाचा इसरला.”

भरपूर पाणी प्या, असं मी प्रत्येक घरी सांगतो.
हातपंपावरची लाल फुली
आमच्याच खात्यानं मारलेली आहे.
गोळ्या मंगळवारी येतील, असंही सांगतो.
कोणत्या, ते कुणी विचारत नाही.

एकाहत्तरावी नळी.
रोशना उसेंडी, पाचवी. पान हिच्याच वहीतलं.
डोळ्यांच्या कडा हळदीसारख्या,
मला आधीच दिसायला हव्या होत्या.
“मी धरू का, सर?”
धर म्हणालो.
तिनं एक डोळा मिटला, मग दुसरा,
मग नळी इतकी जवळ नेली
की भिंतीला काच टेकली.

“रेघा त दिसूनच नाई रायल्या.
मले चष्मा लागला का, सर?”

नाही, म्हणालो, डोळे चांगले आहेत तुझे.
एवढंच खरं होतं
जे मला लगेच बोलता आलं.
बाकीचं गडचिरोलीहून येईल,
पक्क्या अहवालात, महिन्याभरानं.

जाता जाता ती थांबली.
पान पाहिजे होतं परत.
मागच्या बाजूला गणितं होती,
उद्या गुरुजी तपासणार.
पट्टी सोडवली तर चुन्याचा पापुद्रा पानाबरोबर आला.
तिनं फुंकर मारली,
घडी न घालता दोन्ही हातांनी पान धरून गेली.

बहात्तरावी नळी हातात,
भिंतीवर नुसता चौकोन.
रांगेतल्या पोरानं आपली वही उघडून दाखवली,
चौकटीची होती.
“चालते का हे, सर?”

चालते, म्हणालो.