ठराव क्रमांक नऊ

पावडर किलोमागे अकरा रुपयांनी स्वस्त.
फाट्यावरच्या कारखान्याचं पांढरं पाणी
आमच्या गावाला लागतच नाही,
ते खाली उतरतं डोहटोल्याला,
जिथं पंचफुला मारबतेचं जाळं
आता तिच्याच हाताला खाजवतं.

गट मिळून घेतो तेल, चहापत्ती, साबण.
ही पावडर सोडायची का,
एवढाच प्रश्न, आणि तीन सभा.

पहिल्यांदा हात वर केले. अकरा.
मी सचिव, रजिस्टरात लिहूनही टाकलं.
सांजेला मागच्या दारानं रत्नप्रभा आली:
"सासू समोर बसली होती जी,
तिचा हात गेला, तं माहाही गेला."

दुसऱ्यांदा चिठ्ठ्या.
चौघींनी चिठ्ठी माझ्याकडूनच लिहून घेतली,
म्हणजे गुप्त राहिलं सगळ्यांपासून,
मी सोडून.
आणि ती पावडर विकणारं दुकान माझ्या दिराचं.

मग देवांगना म्हणाली, मडकी आणा.
आतल्या खोलीत दोन मडकी,
डावं म्हणजे सोडा, उजवं म्हणजे घ्या,
हातात तुरीचा दाणा, लाइट बंद.
रुखमानं बाहेर बसून ऐकून पाहिलं,
टण्ण वाजलं की कळते कोणतं मडकं.
म्हणून बुडाला फडकी घातली.

तरी रुखमा अडलीच:
"माही खानावळ, महिन्याले बारा किलो लागते मले.
शेवंताले एक. दाणा सारखाच काहून?"
शेवंता पायाच्या अंगठ्याकडे पाहत बोलली,
"तुह्या बारा किलोत तुहा नफा हाये, बाई.
माह्या एका किलोत एका सांजेची भाजी."
कोणी काही म्हटलं नाही.
पंख्याचा तेवढा आवाज.

दाणे सारखेच राहिले, पण पाच-पाच केले.
जिला फरक पडत नाही तिनं एक टाकावा,
जिचा जीव तुटतो तिनं पाचही.
उरले ते पदराला बांधावे
पुढच्या ठरावासाठी,
आणि घरी नेऊन वरणात टाकू नये,
हे वेगळं लिहावं लागलं.

एकेक आत गेली.
काही जणी लगेच आल्या. मैना बराच वेळ आली नाही.
पंचफुला छपरीत टोपली घेऊन बसली होती,
मासळी विकायला आलेली,
टोपलीत खाली ओलं तणस.
ती सभासद नाही. तिचं गाव वेगळं.
तिनं प्यायला पाणी मागितलं,
माठ आतल्याच खोलीत.

डाव्यात चौतीस, उजव्यात एकोणतीस.
पावडर सुटली.
रुखमा म्हणाली, ठीक आहे,
पण शेवंताचे अकरा रुपये गटानं भरावे.
हे मात्र हात वर करूनच झालं,
कोणाकडे न पाहता.

माझे पाचही उजव्यात होते.
हे रजिस्टरात नाही.

मडकं झटकताना फडक्याला
एक दाणा चिकटलेला निघाला, धानाचा.
तुरीत धान कुठून येईल?
बायांनी एकमेकींकडे पाहिलं,
मग दाराकडे. टोपली उठून गेली होती.

लिहिलं: धान, एक. मोजला नाही.
मग "नाही" वर पेन थांबला.
खोडलं नाही, पण पुढच्या सभेचा
विषय क्रमांक एक तिथंच लिहिला:
आत कोणी जायचं, हे ठरवताना
आत कोणी असायचं.