बोलावणं

यादीत एकोणसाठ नावं.
दुलुथच्या दवाखान्यात तिसऱ्या मजल्यावर मी, कानाला फोन,
खिडकीबाहेर सुपीरियर सरोवर काठाकाठाने गोठत चाललंय.
पत्राच्या आधी माझा आवाज पोचावा
एवढंच आजचं काम.
कारण पत्रात लिहिलेलं असतं: परत मागवण्यात येत आहे.
आणि माणसं छातीवर हात ठेवून विचारतात,
परत म्हणजे कसं? कापून?

एल्मर ट्वेटेन तर म्हणाला,
बोलावणं आलंय म्हण ना सरळ.
नाही हो, म्हटलं, आलंय ते यंत्राला. तुम्हाला नाही.
तो हसला नाही.

सतरावं नाव वर्लीन क्वाम.
टू हार्बर्स, वय एकाहत्तर, पेसमेकर आठ वर्षांचा.
मी पाठ केलेलं सुरू केलं:
काढून टाकायची घाई नको,
जखम पुन्हा उघडली की जंतूंनाही दार उघडतं,
तो धोका कधीकधी या दोषापेक्षा मोठा.
पलंगाशेजारची पेटी चालू आहे ना? तिचा दिवा हिरवा...

कुठला आठवडा?

काय?

बनवल्याचा. कार्ड आहे माझ्या हातात,
नंबरातले मधले आकडे वाच.
मग जरा थांबून,
मी तिथेच होते ग. बावीस वर्षं.
पांढरा झगा, पांढरी टोपी, भुवया दिसायची तेवढी फट.
भिंगाखाली झाकणाची शिवण बघायची मी.
केसापेक्षा बारीक. दिवसाला दोनशे.

मी यादीत बघितलं.
शिवणीतून ओल आत जाते, असंच लिहिलं होतं.
मार्चचा दुसरा आठवडा, म्हटलं.
पलीकडे केटलीची शिट्टी वाजत राहिली, कुणी बंद केली नाही.
मार्चमध्ये मी होते, ती म्हणाली.
जूनमध्ये निवृत्त झाले.

गुरुवारी आली. शेजाऱ्याने गाडी चालवली,
चक्कर येत असेल तर स्वतः चालवू नका, हे मीच बजावलं होतं.
पाकिटातून कार्ड काढून टेबलावर ठेवलं,
कडा झिजलेल्या, नंबर मात्र स्पष्ट.
तिच्या छातीवर मी वाचक धरला
आणि सांगितलं, आता यंत्राला हळूहळू मागे घेते,
खाली तुमचं स्वतःचं काय आहे ते बघायचंय.

साठ.
पन्नास.
चाळीस. तिने खुर्चीचा हात धरला.
पडद्यावर रेघ सपाट, सपाट,
मीच श्वास धरून,
आणि मग कुठूनसा एक ठोका. आळशी, रुंद,
कुणी न सांगता आलेला.
मग आणखी एक.
चौतीस, म्हटलं. तुमचे स्वतःचे.

आहेत का अजून? ती म्हणाली,
जुन्या नोकरीतलं कुणी भेटावं तशी.

डॉक्टर म्हणाले, मग थांबू शकतो.
दर महिन्याला पेटीतून अहवाल,
डोळ्यांपुढे अंधारी आली, शुद्ध हरपली तर त्याच क्षणी फोन,
बॅटरी अचानक उतरू लागली तर बदलू.
नवं यंत्र कंपनी देईल, पण शस्त्रक्रियेचं बिल कोण भरणार
ते आधी विचारा, लेखी घ्या.
तिने सगळं पाकिटाच्या पाठीवर उतरवून घेतलं,
अक्षर सरळ, रांगेत, एकही खाडाखोड नाही.

कोट चढवताना म्हणाली,
जेव्हा काढाल तेव्हा कचऱ्यात टाकू नका.
कारखान्यात पाठवा. भिंगाखाली कुणीतरी बघायला हवं.
आणि कुणाची शिवण होती ते...
पुढचं बटण लावण्यात गेलं.

ती अंगणात पोचेपर्यंत मी खिडकीशी होते.
बर्फावर जपून पाऊल टाकत, डावा हात खिशात,
उजवा, मला वाटतं, गळपट्ट्याच्या आत.

बेचाळीस उरलीत.
अठरावं नाव. वाजतोय.
पलीकडे कुणी उचलत नाही.
मी ठेवत नाही.