अर्धी वाक्यं

मानेवाडा ते सिव्हिल लाइन्स, नऊ किलोमीटर,
अकरा वर्षं.
एवढ्या काळात रस्त्यावर मला
कुणी पूर्ण वाक्य बोललेलं नाही.
धावत्या गाडीतून वाक्य फेकलं की
त्याचं शेपूट गाडीसोबतच जातं.
"ओ काकू, पेट्रोल का—"
"साइडनं चाल ना ब—"
"नवऱ्यानं हाकल—"
उरलेलं मी मेडिकल चौकापर्यंत जुळवत जाते,
ऑफिसात ताळेबंद जुळवते तसं.
शिवी पुरती ऐकायची
तर मलाही साठच्या वेगानं जावं लागेल.

हॉर्नची भाषा त्यापेक्षा स्वच्छ.
एकदा: मी आहे मागे.
दोनदा: तू आहेस पुढे, काहून?
आणि तुकडोजी पुतळ्यापाशी सिटी बसचा तो लांबच लांब
मणक्यामणक्यानं वर चढत
केसांतल्या पिनांपर्यंत पोचणारा.

मे महिन्यात दुपट्टा डोळ्यांपर्यंत गुंडाळला
की मी काकू की पोरगी, कळत नाही.
तेव्हा शिट्ट्या येतात.
जून उजाडतो, दुपट्टा उतरतो,
शिट्टीची परत काकू होते.

शेजारच्या नखाते वहिनी हळहळतात,
"पलाशला म्हणा ना, जुनी का होईना, स्कूटी घेऊन दे आईला."
मॉलच्या दारावरचा पोरगा म्हणाला,
"सायकल बाहेर, मॅडम. इथं गाड्या लागतात."
मग ही काय आहे?
त्यानं खरंच नीट पाहिलं तिच्याकडे,
चाकापासून घंटीपर्यंत,
आणि म्हणाला, "सायकल."

रविवारी पहाटे फुटाळ्यावर
घट्ट कपड्यांतले डॉक्टर लोक निघतात, लाख-लाखाच्या सायकली.
त्यांच्यासाठी कारची काच खाली होते,
अंगठा बाहेर येतो, वरच्या दिशेनं.
सोमवारी तीच काच खाली होते
खर्ऱ्याची पिंक टाकायला.
माझ्या अबोली साडीचा काठ
तेव्हापासून मी वर खोचते.

आणि एक तो.
मेडिकल चौकाच्या सिग्नलला, हिरव्या जाळीखाली,
रोज साडेनऊला.
हँडलला चुन्याची बादली, कॅरिअरला ब्रश,
पँटीवर नागपुरातल्या अर्ध्या घरांचे रंग.
त्याला कुणी काही म्हणत नाही.
विनोदसुद्धा नाही.
खड्डा चुकवावा तसे चुकवतात
आणि खड्ड्याला काय बोलायचं.

एकदा तोच वळला.
"मॅडम, एक इचारू? राग नोका मानू."
सिग्नलवर चौऱ्याऐंशी सेकंद बाकी होते.
"तुमाले तं सरकारी पगार असन.
मंग काहून सायकल?"

अकरा वर्षांतलं पहिलं पूर्ण वाक्य.
मागे प्रश्नचिन्ह, पुढे नमस्कार, सगळं जागेवर.

उत्तरं तशी तयार होती माझी, लोकांना द्यायची,
गुडघे, हवा, पेट्रोलचा भाव.
त्याच्यासमोर ती बाहेर काढायला लाज वाटली,
हॉटेलात उष्टं सोडताना
मोरीवरचा पोरगा बघत असावा तशी.
लोहापुलाखालून चढ मारून वर आलं
की कॉटन मार्केटच्या सांभाराचा वास अंगाला चिकटलेला असतो
आणि नऊ मिनिटं मी कुणाचीच नसते,
हे त्याला कसं सांगायचं?
सांभार तो डोक्यावरून वाहतही असेल.

"मला ना," मी म्हटलं, "म्हणजे आवड—"
हिरवा पडला.
मागून शंभर हॉर्न.
माझंच वाक्य अर्धं राहिलं.
तो पायडलवर उभा राहत म्हणाला,
"पोट्ट्यानं किस्तीवर गाडी घेतली.
दिवाळीनंतर मी बी सुटलो."

सुटला.
दिवाळीनंतर सिग्नलला दिसला नाही.
त्याचं नाव डोमाजी, हे मला
त्याच्या जागी उभ्या राहणाऱ्या लिंबूसरबतवाल्यानं सांगितलं.

परवा मोटरसायकल बाजूनं गेली.
चालवणारा तरणा, मागे तो,
मांडीवर तीच बादली.
त्यानं ओळखलं. हात वर केला,
पूर्ण वळून ओरडला,
"मॅडम, अजून साय—"

मेडिकल चौक कधीच मागे पडला.
जुळत नाहीये.