कट

कानाच्या पुढे, बोटभर अंतरावर,
जांभई आली की वाजतं: कट.
आधी कानवाल्याकडे गेलो. कान स्वच्छ निघाला.
मग चोपड्यातच एक अक्कलदाढ काढून घेतली,
ती बिचारी निर्दोष होती.
कळण्याची भाकरी सुटली. केळं तेवढं जमतं,
त्यावरही बायको म्हणते, "वाकडं तोंड करीसन खातस तुम्ही."

भुसावळच्या सरोदेबाईंनी
दोन बोटं माझ्या दोन्ही गालांवर टेकवली.
"उघडा. हळू. आता मिटा."
सांध्यातली गादी सरकलीय, म्हणाल्या.
"रात्री दात आवळता का?"
काय सांगणार, मी तर झोपेत असतो.
"आणि दिवसा?"

दिवसा मी जिनिंगच्या काट्यावर असतो.
शेठ आतून ओरडतो, क्विंटलला दोन किलो कट्टी धर.
मी धरतो.
गाडीवाला माझ्या तोंडाकडे बघत राहतो.
बावीस वर्षं.

आता झोपताना दातांवर पारदर्शक साचा,
सकाळी गरम फडक्याचा शेक.
जीभ टाळूला, ओठ मिटलेले, दात सुटे,
हे पावती फाडता फाडता घोकायचं.
आणि महिनाभर मुगाची मऊ खिचडी.

मुगाची सवय आहे बाई,
असं म्हणणार होतो.
नाही म्हणालो.